काकूंचा वरवंटा

मी डबे करून द्यायची, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे मला अख्ख्या कॉलनीची बित्तंबातमी कशी, असं कुणी विचारायला नको. हडपसरच्या पलीकडे, जिथे पूर्वी ऊस आणि फ्लॉवर पिकायचा, तिथे आमची कॉलनी उभी राहिली. आमचे हे जवळच्याच कारखान्यात होते, मुलगी शाळेत जायची आणि मी दिवसभर भिंतींशी बोलायची. मग सॉफ्टवेअरची पोरं आली. कुणी अमरावतीचं, कुणी अकोल्याचं, कुणी लातूरचं. तिघं-चौघं मिळून फ्लॅट भाड्याने घ्यायची, कंपनीच्या बसने कामाला जायची आणि घरी येऊन बिस्किटांवर झोपायची. एकाला मी दया येऊन पोळीभाजी दिली. त्याने मित्रांना सांगितलं आणि बघता बघता माझ्या ओट्यावर डब्यांची रांग लागली. तोंडाने मी फटकळ आहे, पण हाताला चव आहे, त्यामुळे लोक माझं बोलणंही घासाबरोबर गिळतात.

आमच्या समोरच्या घरात सर आणि काकू राहायचे. सर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. मुलं दोन, एक बेंगळुरूला, एक अमेरिकेत. सर देव मानायचे नाहीत. नुसतं स्वतः मानायचे नाहीत असं नव्हे, दुसऱ्याने मानला तरी त्यांना त्रास व्हायचा. गल्लीत कुणाकडे सत्यनारायण असला की हे बाहेर खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचे, तेही मोठ्याने. प्रसादाचा शिरा मात्र वाटी पुसून खायचे. रव्याशी माझं काही भांडण नाही, म्हणायचे. काकू अगदी उलट स्वभावाच्या. कमी बोलायच्या, पण जे बोलतील ते असं की समोरच्याला घरी जाऊन समजावं. मला पुरणपोळी लाटायला त्यांनीच शिकवलं. माझ्या पहिल्या पोळ्या पाहून म्हणाल्या होत्या, नकाशे छान जमलेत.

त्या काकूंच्या हातून एका सकाळी चहाचा कप पडला आणि उजवी बाजू लुळी झाली. दवाखान्यातून आल्या तेव्हा तोंड थोडं वाकडं, बोलणं जड, उजवा पाय ओढत टाकायच्या. डॉक्टरांनी सरांना आणि मला समोर बसवून स्पष्ट सांगितलं की औषध आहेच, पण खरं औषध चालणं. रोज, सपाट जमिनीवर, मोकळ्या हवेत. हे एखाददुसरं वर्ष हातात आहे, त्यात पाय हलता ठेवला तर त्या चालतील. नाहीतर पाय आखडेल आणि मग खुर्चीच.

आता चालायचं कुठे? घरात पलंगापासून ओट्यापर्यंत चार पावलं होत नाहीत तोवर भिंत येते. बाहेर गल्ली, तर ती कायम खणलेली. त्या दिवसांत जमिनीखालून केबल टाकायचं एवढं खूळ होतं की एका कंपनीचे लोक चर बुजवून जायचे आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कंपनीचे तोच चर उकरायचे. उरलेल्या रस्त्यावरून कंपन्यांच्या बसेस शॉर्टकट म्हणून घुसायच्या. धडधाकट माणूस भिंतीला चिकटून चालायचा, तिथे काकूंची काय कथा.

एकच जागा होती. सरांच्या घराला लागून, गल्लीच्या वळणावर, कॉलनीचा मोकळा प्लॉट. नकाशात तिथे बाग होती. प्रत्यक्षात उकिरडा. आणि उकिरडाही नव्या जमान्याचा. पूर्वी कचरा म्हणजे भाज्यांची देठं, राख, फार तर फुटकी कपबशी. आता घरोघरी टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन येत होती आणि प्रत्येक खोक्यातून थर्माकोल निघत होता. वारा सुटला की त्याचे पांढरे गोळे आमच्या वाळवणात येऊन बसायचे. काळ्या पिशव्या लोक मोटारसायकल न थांबवताच भिरकावायचे. त्यात इमारतींचा राडारोडा, विटांचे तुकडे, डुकरं आणि तो वास.

सरांनी ठरवलं, हा प्लॉट साफ करायचा आणि काकूंना तिथे चालवायचं. कुणापासून काही लपवलं नाही. घरोघरी जाऊन सांगितलं की माझ्या बायकोला चालायला जागा हवी आहे, आणि उद्या तुम्हालाही लागेल. लोक हो म्हणाले, चहा पाजला, आणि कचरा टाकत राहिले. मग सरांनी पाटी लावली. साध्या पाटीकडे कुणी पाहिलं नाही म्हणून दुसरी लावली: ‘कचरा टाकणाऱ्यांचा जाहीर सत्कार करण्यात येईल. कृपया घरचा पत्ता कळवावा.’ चार दिवस लोक थांबून वाचायचे, हसायचे, आणि थांबलोच आहोत तर म्हणून पिशवी तिथेच ठेवायचे. पाचव्या दिवशी पाटीच ढिगाऱ्यात सापडली.

त्यानंतर एकदा पहाटे मी दूध आणायला निघाले, तर सर प्लॉटच्या तोंडाशी उकिडवे बसलेले. समोर चार विटांचं चौकोनी आळं, त्यात माती, आणि मातीत उभा रोवलेला एक काळा दगड. हातात वाटी. वाटीत लाल पाणी. ते बोटाने दगडाला फासायचा प्रयत्न चालला होता आणि ते पाणी ओघळून त्यांच्या लेंग्यावर जात होतं. मी जवळ जाऊन पाहिलं आणि माझं हसू थांबेना. वाटीत शेंदूर होता. सरांनी तो पाण्यात कालवला होता.

मी म्हटलं, सर, शेंदूर तेलात कालवतात. जन्म गेला तुमचा देवाशी भांडण्यात, एवढं माहीत नाही?

सर ओशाळले, पण हटले नाहीत. हे निव्वळ मानसशास्त्र आहे, म्हणाले. माणूस कायद्याला भीत नाही, पाटीला भीत नाही, दगडाला शेंदूर लावला की भितो. आठवडाभर ठेवतो, सवय मोडली की काढून टाकतो. मी घरात जाऊन तेलाची बाटली आणली आणि आम्ही दोघांनी मिळून तो दगड शेंदरी केला. दगड नीट निरखला तेव्हा लक्षात आलं, हा तर काकूंचा वरवंटा. काकू आजारी पडल्यापासून पाटा कोपऱ्यात उभा होता आणि त्यावर वाटण वाटणारं घरात कुणी नव्हतं. काकूंना विचारलंत का, म्हटलं, तर सरांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

काय सांगू, त्या दिवसापासून कचरा बंद! पहिल्याच सकाळी एक गृहस्थ स्कूटरवरून पिशवी घेऊन आले, हात उचलला, शेंदूर दिसला, हात तसाच छातीकडे नेऊन नमस्कार केला आणि पिशवी परत घरी घेऊन गेले. काकू खिडकीशी बसून हे पाहत होत्या. त्यांना आपला वरवंटा ओळखायला किती वेळ लागणार? मी डबा घेऊन गेले तेव्हा त्या हसत होत्या. आजारपणानंतर पहिल्यांदाच, वाकड्या तोंडाने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सर खाली मान घालून उभे होते. मला इतकं बरं वाटलं की मी त्या दिवशी सगळ्या पोरांच्या डब्यात श्रीखंड घातलं.

कचरा थांबला तशी माणसं पुढे आली. दर रविवारी सकाळी प्लॉटवर काम सुरू झालं. माझी डब्याची पोरं आठवडाभर संगणकासमोर बसून आंबलेली असायची, ती फावडी घेऊन उतरली आणि पहिल्याच दिवशी हातांना फोड येऊन सोमवारी ऑफिसात मिरवली. आमचे हे कारखान्यातून टोपल्या घेऊन आले. नागपूरकडचे एक निवृत्त अधिकारी आमच्या गल्लीत राहायचे, बौद्ध कुटुंब. त्यांनी त्या शेंदरी दगडाकडे एकदा पाहिलं आणि सरांना म्हणाले, देवाचं तुमचं तुम्ही पाहा, कुदळ मी आणतो. आणि खरोखर, कुदळ त्यांच्याइतकी कुणालाच चालवता आली नाही. मी कांदेपोहे करून नेई. राडारोडा निघत गेला आणि खाली जमीन दिसू लागली. खड्ड्याखड्ड्यांची, पण जमीन.

सर वॉर्ड ऑफिसमध्ये खेपा घालून एका साहेबांना घेऊन आले. साहेब खूश झाले. मुरूम देतो, रोलर फिरवून देतो, कडेने चालायचा मार्ग, कुंपण, झाडं, सगळं बागेच्या हिशेबात बसतं, म्हणाले. मग वळणावर त्यांची नजर गेली. हे कधीपासून आहे, त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले की जागेवर देवस्थान असेल तर आम्हाला हात लावता येत नाही, आपापसात मिटवा आणि मला बोलवा.

एव्हाना देवस्थान खरंच झालं होतं. सरांचा तो आठवडा केव्हाच उलटून गेला होता. शनिवारी येणाऱ्यांनी तो मारुती ठरवला होता, ते रुईच्या पानांची माळ घालायचे. रविवारी येणारे त्याला म्हसोबा म्हणायचे आणि नारळ फोडायचे. कुणीतरी चांदीचे डोळे आणून मेणाने चिकटवले. रिक्षावाल्यांनी वर पत्रा घातला. आमची पोरंसुद्धा, इंग्रजीतून गणितं करणारी, मुलाखतीला जाताना तिथे बूट काढून उभी राहायची. मी एकाला म्हटलं, अरे, माझ्या डब्यालाही असाच हात जोडत जा. आणि आता तिथे सभामंडप बांधायचं घाटत होतं. सभामंडप झाला असता तर चालायला राहिलं असतं काय, गाभाऱ्याला प्रदक्षिणा?

या सगळ्याच्या पुढे होत्या कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या मावशी. तशी बाई मनाने फार चांगली. मुलगा आणि सून दोघंही कॉम्प्युटरवाले, सकाळी दोन वेगळ्या बसने दोन वेगळ्या दिशांना जायचे. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. मावशींनी त्या दगडाला नवस बोलला. रोज पहाटे जागा झाडायच्या, सडा घालायच्या, रांगोळी काढायच्या. आणि सूनबाईंना दिवस राहिले. झालं! मावशींना आता त्या शेंदरापलीकडे काही दिसेना.

सर त्यांच्याकडे गेले. मी सोबत होते, कारण सर एकटे गेले असते तर भांडण करून आले असते. सरांनी सांगितलं की तो दगड मी स्वतः ठेवलाय, या हातांनी, कचरा थांबावा म्हणून. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तुमच्यासारख्या नास्तिकाच्या हातून त्याने स्वतःला बसवून घेतलं, याहून मोठी प्रचीती कोणती?

घरी येऊन सर काकूंसमोर चिडचिड करू लागले. उद्याच जाऊन सांगतो की तो वरवंटा आहे, म्हणाले. पाटा नेऊन शेजारी ठेवतो, जोडी जुळवून दाखवतो. काकूंनी डाव्या हाताने त्यांना थांबवलं. जड जिभेने, एकेक शब्द उचलून ठेवत त्या म्हणाल्या, “पोर पोटुशी आहे. सासू धास्तावेल, तिच्यामुळे पोर धास्तावेल. बाळ होऊ दे.”

मला काकूंचा राग आला. हो, चक्क राग. कारण त्यांचा पाय दिवसेंदिवस कडक होत चालला होता आणि ते सगळ्यांना दिसत होतं. सर घरातल्या घरात त्यांना चालवायचे, पलंग ते ओटा, ओटा ते पलंग. पावलाची बोटं आत वळायला लागली होती. डॉक्टरांनी तपासून मान हलवली होती. आणि ही बाई दुसऱ्याच्या सुनेची काळजी करत बसली होती. मी तोंडावर म्हटलं, काकू, तुम्ही जन्माच्या खुर्चीत बसाल आणि लोक तुमच्या वरवंट्याला नारळ फोडतील. काकू म्हणाल्या, बसेन. पण त्यांचा चेहरा उतरला आणि मला बोलल्याचं वाईट वाटलं. सर त्या दिवसापासून पेपरसुद्धा मनात वाचू लागले.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. जमीन तशीच खड्ड्यांची पडून राहिली. थंडीत मावशींच्या सुनेला मुलगी झाली. पेढे घेऊन मावशी आधी वळणावर गेल्या आणि मग घरोघर आल्या. मला मनापासून आनंद झाला, पण पेढा खाताना डोळ्यांसमोर काकूंचा पाय होता.

बारसं ठरलं आणि कॉलनीत एक नवीनच गोंधळ उडाला. बारशाला वरवंटा लागतो. बाळाला पाळण्यात घालण्याआधी वरवंटा धुवून, त्याला टोपडं-झबलं घालून, बाळासारखा पाळण्यात निजवतात, बायका तो पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हातात देतात आणि मगच बाळ पाळण्यात जातं. बाळाची कुडी तशी घट्ट राहावी म्हणून. मावशी वरवंटा मागत घरोघर हिंडल्या आणि कुणाकडेच वरवंटा निघेना. सगळ्यांकडे मिक्सर! एकीने पाटा अंगणात धुणं आपटायला घातलेला, पण वरवंटा हरवलेला. एकीने गावी नेऊन टाकलेला. मी स्वतः माझा जोड मिक्सर आल्याच्या आठवड्यातच बांधकामावरच्या बाईला देऊन टाकला होता आणि ती बाई इमारतीबरोबर कधीच पुढे निघून गेली होती. बाजारातून नवा आणावा तर मावशींना ते पटेना. बारशाचा वरवंटा नांदत्या घरातला हवा, मसाला वाटून वाटून झिजलेला, म्हणे.

शेवटी बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी त्या काकूंकडे आल्या. मी तिथेच होते, काकूंना वरणभात भरवत होते. मावशी दमून खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या की एवढ्या मोठ्या कॉलनीत माझ्या नातीला एक वरवंटा मिळू नये, म्हणजे काय म्हणायचं. आणि त्यांना रडूच फुटलं. बाळंतिणीच्या घरचं जागरण, माणसं, काम, सगळंच त्या रडण्यात होतं.

सर आतून दारापर्यंत आले. त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं की आता हे बोलणार. काकूंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं आणि सर दाराची कडी धरून उभे राहिले.

“आहे की,” काकू म्हणाल्या. “माझा आहे. वळणावर उभा आहे.”

मावशींना कळेना. त्या माझ्याकडे पाहू लागल्या. मी कोपऱ्यातला पाटा दाखवला. एकटाच उभा असलेला, वरवंट्याशिवायचा. मावशींनी पाट्याकडे पाहिलं, खिडकीतून बाहेर पाहिलं आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला. मला वाटलं, आता ही बाई उठून ओरडणार, आणि ओरडली असती तर तिचं काही चुकलं नसतं.

“म्हणजे इतके दिवस मी तुमच्या वरवंट्याला हात जोडले?” त्या अगदी हळू म्हणाल्या.

काकूंना बोलायला वेळ लागायचा. त्या वेळी तर फारच लागला. “माझ्या आईने दिलेला आहे तो. माझी दोन्ही मुलं त्याच्यामागून पाळण्यात निजली,” त्या म्हणाल्या. “तुम्ही त्याला हात जोडलेत, ते वाया नाही गेले. आता त्याला घरी न्या. नातीच्या पाळण्यात घाला.”

मावशींनी पदराने तोंड पुसलं, काकूंच्या मांडीवर हात ठेवला आणि विचारलं, इतके दिवस बोलला का नाहीत? मीच सांगितलं, का ते. अगदी डॉक्टर काय म्हणाले त्यापासून, पायाच्या बोटांपर्यंत सगळं सांगितलं. मला काकूंनी डोळे मोठे करून दटावलं, पण मी गप्प बसणारी बाई नव्हे. मावशी उठल्या, वाकून काकूंचा तो उजवा पाय पाहिला आणि तशाच घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एकट्याच वळणावर आल्या. हातात तांब्या, ताट, हळदकुंकू. बोलावलं नव्हतं तरी गल्ली गोळा झाली. मावशींनी पूजा केली, नमस्कार केला आणि दोन्ही हातांनी वरवंटा हलवून आळ्यातून काढून घेतला. रिक्षावाले पुढे सरसावले. काय करताय मावशी, देवाला कुठे नेताय? मावशी म्हणाल्या, “माझ्या नातीच्या पाळण्यात. तुम्हीही या, जेवूनच जा.” त्यावर कोण काय बोलणार? देव बारशाला जातो म्हटल्यावर अडवणार कोण? मागून नागपूरचे ते साहेब शांतपणे म्हणाले, मग मी आता कुदळ घेऊन येऊ का.

मावशींच्या मोरीत आम्ही तिघी-चौघींनी गरम पाणी, साबण आणि काथ्या घेऊन तो शेंदूर काढला. थरावर थर. शेवटी काळा दगड वर आला, त्याच्या दोन टोकांना काकूंच्या तळव्यांची झीज. काकूंना खुर्चीसकट उचलून आणलं होतं. टोपडं घातलेला वरवंटा त्यांच्या मांडीवर दिला तेव्हा त्यांनी डावा हात त्याच्यावरून फिरवला आणि मग उजवा हात डाव्याने उचलून तोही त्याच्यावर ठेवला. मावशी म्हणाल्या, पाळण्यात तुम्हीच निजवा. आम्ही दोघींनी आधार दिला आणि काकूंनी तो निजवला. सर पुरुषांच्या घोळक्यात मागे उभे होते. बुंदीचे लाडू वाटायचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं आणि निम्मे लाडू स्वतःच खाल्ले होते.

पुढचं सगळं सोपं झालं असं नाही. देव कुठे गेला, असं विचारत लोक येत राहिले. मावशी त्यांना सांगायच्या, माझ्या घरी आहे, दर्शनाला या, चपला बाहेर काढा आणि बाळ झोपलंय तेव्हा हळू बोला. थोडे आले, चहा पिऊन गेले, मग येईनासे झाले. पत्रा रिक्षावाल्यांनी आपल्या स्टँडवर नेला. काळ्या पिशव्या पुन्हा पडू लागल्या तेव्हा मावशी आणि मी सकाळी तिथे खुर्च्या टाकून बसायचो, मी भाजी निवडायची आणि त्या नातीला ऊन द्यायच्या. पिशवी घेऊन आलेल्याला मावशी नुसतं विचारायच्या, कुणाकडे आलात? माणूस पिशवीसकट परत जायचा. वॉर्ड ऑफिसचे साहेब शब्दाला जागले. मुरूम आला, रोलर फिरला, कडेने चालायचा मार्ग झाला, दोन बाकं आली.

पण काकूंचे ते दिवस गेले ते गेलेच होते. पाय आखडला होता. डॉक्टर म्हणाले, प्रयत्न करा, पण फार आशा धरू नका. सरांनी ते काकूंना सांगितलं नाही आणि काकूंनी विचारलं नाही. रोज सकाळी सर त्यांचा हात आपल्या काखेत घट्ट धरायचे आणि दोघं मार्गावर उतरायचे. पाचेक पावलं, की थांबणं. आख्खी कॉलनी गॅलरीत. काकूंना ते अजिबात आवडायचं नाही. यांच्या घरी गॅस पेटत नाहीत का, म्हणायच्या. मग मी गॅलरीतूनच ओरडून सगळ्यांना आत घालवायची. महिनेच्या महिने असे गेले. पाच पावलांची दहा झाली, मग बाकापर्यंत, मग बाकाच्या पुढे.

आणि एक दिवस असं झालं. पोरांचे डबे गेले होते आणि मी दोघांसाठी चहा घेऊन प्लॉटवर गेले होते, तसा मी अधूनमधून न्यायची. काकू बाकाजवळ थांबल्या होत्या. त्यांनी सरांच्या काखेतून आपला हात काढून घेतला.

“तुम्ही बसा,” त्या म्हणाल्या. “मी येते जाऊन.”

सर म्हणाले, कुठे जाऊन? काकूंनी मार्गाच्या टोकाकडे हनुवटी केली आणि निघाल्यासुद्धा. पाय थोडा ओढत, खांदा थोडा झुकवत, पण कुणाचा हात न धरता. सर उठायला लागले, मी त्यांना दंडाला धरून खाली बसवलं. त्यांच्या हातांना आता काही काम नव्हतं, ते त्यांनी गुडघ्यांवर ठेवले, मग बाकावर ठेवले, मग पुन्हा गुडघ्यांवर. मी चहा पुढे केला, त्यांनी घेतला नाही. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचंही त्यांना सुचत नव्हतं.

“लग्न झाल्यापासून मी पुढे आणि ही मागे,” सर म्हणाले. “ही चालते कशी, ते मी आज पाहतोय.”

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले. काकू तोवर टोकाला पोचून वळत होत्या.